आख बदलायचा; पण तपासायचा कोणी?

कायदा कडक केला म्हणजे व्यवहार सुरक्षित होतोच असे नाही. एखादी गोष्ट सरसकट निषिद्ध ठरवली आणि तरीही ती होतच राहिली, तर ती केवळ नजरेआड जाते. आणि नजरेआड जे घडते त्याची तपासणी कोणीच करीत नाही. मोटारगाडीच्या मूळ रचनेत मालकाने करून घेतलेल्या फेरफारांबाबत आज आपल्याकडे नेमकी हीच अवस्था झाली आहे. कोणत्याही मोठ्या गावातील गॅरेजांच्या गल्लीतून फेरफटका मारला, तर उंच केलेल्या, रुंद चाकांच्या, पुढचा आख बदललेल्या जीपगाड्या दिसतात. कागदोपत्री मात्र त्या कारखान्यातून निघाल्या तशाच आहेत.

डोंगरवाटांवर, नदीपात्रात आणि चिखलात गाडी घालण्याचा छंद आपल्याकडे गेल्या काही वर्षांत चांगलाच रुजला आहे. गोव्यात २०१४ पासून 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' या स्पर्धेची भारतीय आवृत्ती भरू लागली, आणि अशा स्पर्धांसाठी मुद्दाम घडवलेल्या गाड्या लोकांच्या पाहण्यात आल्या. हा मूठभर सुखवस्तू लोकांचा षोक आहे, त्याची चर्चा शिक्षकांनी आणि कारकुनांनी कशासाठी करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. चिखलात खेळून आलेली ती गाडी संध्याकाळी आपल्याच रस्त्यावरून घरी परतते. तिचा ब्रेक लागला नाही, तर समोर सायकलवरून शाळेतून घरी येणारे मूल असते. म्हणून हा प्रश्न हौसेचा राहत नाही, सार्वजनिक होतो.

काही दिवसांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. पदार्थविज्ञानाच्या वर्गात तो कधी फारसा चमकला नव्हता. आता त्याच्या हातात दोनशे पानी वही होती आणि तिची निम्मी पाने आकृत्यांनी आणि मापांनी भरलेली होती. आपल्या जुन्या जीपचे पुढचे स्वतंत्र सस्पेन्शन काढून तेथे अखंड आख बसवण्याचा त्याचा बेत होता. "सर, एवढे हिशेब नजरेखालून घालता का?" असे तो म्हणाला. हिशेब बहुतेक बरोबर होते. जाता जाता त्याने जे सांगितले, ते मात्र मनात राहिले. "माझ्या ओळखीच्या एकाने हेच काम चार दिवसांत उरकून घेतले. वही नाही, माप नाही. मला मात्र हे तपासून सही देणारा कोणी सापडत नाही." काळजीपूर्वक काम करणारा आणि बेफिकीर, या दोघांना कायद्याने एकाच पंक्तीला बसवले आहे. या लेखाचा विषय तोच आहे.

अखंड की स्वतंत्र?

'सस्पेन्शन' म्हटले की सरकारी नोकराच्या पोटात गोळा येतो. पण गाडीचे सस्पेन्शन ही गोष्ट सुखाची आहे. चाके खाचखळग्यांतून जात असता वरच्या सांगाड्याला कमी धक्के बसावेत, आणि तरीही चाके जमीन सोडू नयेत, यासाठी केलेली ती व्यवस्था होय. बैलगाडीला ती नसते. तिचा आख साट्याखाली पक्का बांधलेला असतो. एक चाक धोंड्यावर चढले की साटा दुसऱ्या अंगाला कलतो. जीपमध्ये आख आणि सांगाडा यांच्यामध्ये कमानपाटे किंवा स्प्रिंगा असतात, त्यामुळे आख कलला तरी सांगाडा तेवढा कलत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी बनलेल्या विलीस जीपचे पुढचे आणि मागचे दोन्ही आख असे एकसंध होते आणि कमानपाट्यांवर टेकलेले होते. महिंद्र उद्योगाने १९४७ मध्ये मुंबईत याच जीपची जुळणी सुरू केली. पुढे कित्येक दशके तहसीलदार, पोलीस, वनखाते, पाटबंधारे खाते यांच्या दाराशी उभी असलेली जीप ती हीच. तिच्यात बसून हाडे खिळखिळी होत. पण कच्च्या रस्त्यावर ती क्वचितच हात टेकी. १९८५ मध्ये आलेल्या मारुतीच्या जिप्सीलाही दोन्हीकडे अखंड आख आणि कमानपाटेच होते.

अखंड आखाचा गुण असा की, एक चाक खडकावर चढले की त्याच आखावरील दुसरे चाक खाली दाबले जाते आणि जमीन धरून ठेवते. मधल्या डिफरन्शियलचा फुगीर गोळा जमिनीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर राहतो. सांधे कमी, म्हणून मोडतोडही कमी. दोष असा की, आखाचे सगळे वजन स्प्रिंगांच्या खाली, चाकांबरोबर नाचते. एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्याला जाणवतो. वेगात सुकाणू थरथरू लागते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापल्या बाहूंवर वरखाली होते. हमरस्त्यावर ते शांत आणि नेमके चालते. पण खडकाळ वाटेवर त्याची झेप अपुरी पडते, आणि गाडी स्प्रिंगांवर दबली की तिचे पोट जमिनीला लागते.

जगभरातील कारखानदार हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकले, याचे कारण बहुसंख्य गिऱ्हाईक रस्त्यावर चालते, खडकावर नव्हे. अमेरिकेत टोयोटाच्या पिकअपने १९८६ च्या मॉडेलपासून पुढचा अखंड आख सोडला. तेव्हापासून तेथील हौशी कारागिरांत तो परत बसवण्याची एक परंपराच निर्माण झाली. आपल्याकडे २०१० मध्ये आलेल्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन होते. मर्सिडिझच्या जी श्रेणीने २०१८ मध्ये तेच केले. लँड रोव्हरची जुनी डिफेंडर जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली, आणि २०१९ मध्ये पुढे आलेल्या तिच्या वारसदाराला दोन्हीकडे स्वतंत्र सस्पेन्शन आले. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखानेही २०२१ मध्ये हाच मार्ग धरला. उलट बाजूला, २०२३ मध्ये आपल्या बाजारात आलेल्या जिम्नीने दोन्ही अखंड आख राखले आहेत.

तेव्हा ज्याला आख बदलायचा आहे त्याच्या वहीचे पहिले पान एका प्रश्नाचे असले पाहिजे: मला हे खरोखर हवे आहे काय? वर्षातून चार वेळा घाटमाथ्यावरच्या कच्च्या वाटेने जाणाऱ्याला चांगले टायर, योग्य हवा आणि थोडी शिकवण पुरते. अखंड आख असलेली गाडी विकत घेणे हे जुन्या गाडीचा आख बदलण्यापेक्षा कित्येकदा स्वस्त आणि कायदेशीर पडते. बदल न करणे हाही नियोजनाचा एक प्रतिष्ठित निष्कर्ष असू शकतो, हे आपले हौशी मित्र विसरतात.

एक कडी, अनेक कड्या

तरीही बदल करायचाच ठरला, तर त्याचे नियोजन म्हणजे काय, हे सामान्य वाचकानेही समजून घेण्यासारखे आहे. कारण त्याशिवाय कायद्याला कशाची भीती वाटते ते कळणार नाही. गाडीचा आख ही सुटी वस्तू नव्हे. ती साखळीतली एक कडी आहे. ती काढली की दहा ठिकाणी हात घालावा लागतो.

आधी आखाची निवड. त्याची रुंदी मागच्या आखाशी जुळली पाहिजे. त्याच्या डिफरन्शियलचा गोळा उजवीकडे की डावीकडे, हे गाडीच्या मधल्या गिअरपेटीतून पुढे जाणारा दांडा ज्या बाजूने निघतो त्यावर ठरते. आणि पुढच्या-मागच्या आखांतील दात्यांचे प्रमाण एकच असले पाहिजे. नसेल तर चारही चाकांना शक्ती देताच पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडू लागतात आणि कुठेतरी काहीतरी मोडते.

मग चाकांचा प्रश्न. समजा, ३० इंची टायरच्या जागी ३३ इंची टायर घातले. परीघ दहा टक्क्यांनी वाढला. मूळ प्रमाण ३.७३ असेल, तर गाडीची पूर्वीची ओढ राखण्यासाठी ते सुमारे ४.१० करावे लागेल. ते केले नाही तर वेगदर्शक काटा ताशी ६० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ६६ ने धावत असेल. ब्रेकचेही तसेच. चाकाची त्रिज्या दहा टक्के वाढली की गाडी तितक्याच अंतरात थांबवण्यासाठी ब्रेकने द्यायचा पीळही दहा टक्के वाढवावा लागतो. शाळेतल्या त्रैराशिकाचे हे गणित आहे. पण ते न मांडणारा माणूस आपल्या मागून येत असतो.

त्यानंतर सस्पेन्शन. कमानपाटे घातले तर तेच आख जागच्या जागी धरून ठेवतात. काम सोपे होते, पण गाडी ताठ चालते. गोल स्प्रिंगा घातल्या तर त्या केवळ वजन पेलतात. आखाने पुढेमागे जाऊ नये म्हणून बाहू द्यावे लागतात, आणि आडवे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा. हा आडवा दांडा आणि सुकाणूचा दांडा शक्यतो समांतर आणि सारख्या लांबीचे असावे लागतात. तसे नसेल तर खड्ड्यात चाक जाताच चालकाने चक्र न फिरवताही गाडी आपोआप वळते.

सुकाणूची तर सर्व व्यवस्थाच बदलते. स्वतंत्र सस्पेन्शनबरोबर जोडलेली दातेरी पट्टी आता निरुपयोगी ठरते. सांगाड्यावर सुकाणूची पेटी नव्याने बसवावी लागते. सायकलचा पुढचा चिमटा किंचित तिरका असतो म्हणून चाक आपोआप सरळ होऊ पाहते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही असा तिरकेपणा लागतो. पण तो साधण्यासाठी आख फिरवला की त्याच्यावर शक्ती घेऊन येणाऱ्या दांड्याचा कोन बिघडतो. तो कोन सुधारला की तिरकेपणा जातो. चांगला कारागीर अशा वेळी आखाची दोन्ही टोके कापून, योग्य कोनात फिरवून पुन्हा जोडतो. वाईट कारागीर दोहोंपैकी एकाकडे डोळेझाक करतो, आणि तसे केल्याचे गाडी ताशी ८० च्या वेगाला पोहोचल्यावर कळते.

शेवटी, डाग देण्यापूर्वीची चाचणी. स्प्रिंगा न घालता आख पूर्ण वर आणि पूर्ण खाली, दोन्ही बाजूंना तिरका करून पाहायचा असतो. तो इंजिनाच्या तेलपात्राला लागतो काय, शक्तीचा दांडा त्याच्या खोबणीतून निसटतो काय, चाके वळवल्यावर ब्रेकची नळी ताणली जाते काय, हे सर्व याच वेळी दिसते. ब्रेकची नळी एक इंच आखूड पडली, तर एका बाजूचे चाक खड्ड्यात पूर्ण लोंबताना ती तुटू शकते. आणि पुढच्या उतारावर पाय दाबला की पायाखाली काहीच लागत नाही.

गाडी उंच झाली की आणखी एक हिशेब उरतो. दोन चाकांतील अंतराचा निम्मा भाग आणि गुरुत्वमध्याची उंची यांचे गुणोत्तर हे गाडी उलटण्याच्या शक्यतेचे ढोबळ माप आहे. अमेरिकेच्या सरकारी रस्तासुरक्षा यंत्रणेने २००१ पासून गाड्यांच्या मूल्यांकनात ते वापरले आहे. समजा, चाकांतील अंतर १४५० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर आहे. गुणोत्तर सुमारे १.०४ येते. गुरुत्वमध्य १०० मिलिमीटर वर गेला की ते ०.९१ होते. म्हणजे जी गाडी स्थिर उभी असता कागदावर सुमारे ४६ अंशांच्या कलावर उलटली असती ती आता ४२ अंशांवर उलटेल. स्प्रिंगांवर कलणारी प्रत्यक्ष गाडी त्याहूनही आधी. वळणावर तीच गोष्ट वेगाच्या रूपाने भेटते. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत हे गणित होते, आणि त्यावर उपाय म्हणून गाडी कमी उंच करण्याचा निर्णयही होता. चार दिवसांत काम उरकणाऱ्याला हे गणित आहे हेच ठाऊक नसते.

कायद्याची भिंत

या सगळ्याकडे आपला कायदा कसा पाहतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरफारांची तरतूद आहे. २००० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर या कलमाचा रोख स्पष्ट झाला. कारखानदाराने दिलेल्या ज्या तपशिलांवर नोंदणीचा दाखला उभा असतो, ते बदलणारा फेरफार मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हाच अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. त्यानंतर २०१९ च्याच दुरुस्ती कायद्याने कलम १८२-अ आणले. त्यानुसार कायद्याने परवानगी न दिलेला फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

न्यायालयाची भूमिका अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या गाडीची ब्रेक, सुकाणू, धूर, दिवे या सर्व बाबतींत मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी झालेली असते, आणि नोंदणीचा दाखला ही त्या चाचणीची जणू पावती असते. गाडी बदलली की पावती खोटी ठरते. आणि फेरफार करणारे सगळेच वही घेऊन बसणारे नसतात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे वडाप म्हणून धावणाऱ्या जीपगाड्यांत ज्यादा बाके ठोकणे, मालट्रकचे पाटे वाढवून त्यावर दुप्पट माल लादणे, हेही फेरफारच. त्यांनी माणसे मेली आहेत. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचे रक्षण हे कायद्याचे पहिले कर्तव्य आहे, आणि मालकाची हौस त्यानंतरची आहे, याविषयी दुमत नसावे.

पण बंदी घालणे आणि रक्षण करणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. भरारी पथकाला रस्त्यावर काय दिसते? रंगीत दिवे, मोठा भोंगा, रुंद टायर. आखाच्या टोकाला दिलेला कच्चा डाग त्याला दिसत नाही. आखूड पडलेली ब्रेकची नळी दिसत नाही. त्यामुळे दंड होतो तो दिसण्याला, आणि धोका राहतो तो न दिसणाऱ्या जागी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार आहे. शिवाय काम बेकायदा असल्यामुळे ते करणारा मिस्त्री पावती देत नाही, जबाबदारी घेत नाही. आणि गाडीचा मालक विमा कंपनीला कळवीत नाही. अपघात झाला की दाव्याच्या वेळी हाच न कळवलेला बदल पुढे येतो, आणि मग सगळेच एकमेकांकडे बोट दाखवतात.

उघडे असलेले, पण न वापरलेले दार

मौज अशी की, कायद्याने स्वतःच एक दार ठेवले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये, फेरफार आणि नव्याने बसवायचे भाग यांची मानके व मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. आणि अशा मंजूर फेरफाराने कारखानदाराची हमी रद्द होणार नाही असेही म्हटले. अपंग व्यक्तींसाठी गाडीत बदल करण्याची मुभा आहे. गॅसवर चालणाऱ्या मंजूर संचांची व्यवस्था कित्येक वर्षे रुळलेली आहे. २०१६ मध्ये केंद्रीय नियमांत विजेवर चालणारा संच जुन्या गाडीत बसवण्याचीही तरतूद झाली. म्हणजे चाचणी झालेला संच असेल तर गाडीचे इंजिन काढून तेथे विजेची मोटार घालता येते. पण चाचणी करवून घेण्याची तयारी असली तरी आख बदलता येत नाही! तत्त्वाचा प्रश्न इथे संपतो. इंजिनाच्या बाबतीत जे तत्त्व सरकारने स्वीकारले आहे, ते आखाच्या बाबतीत लागू करायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

परदेशांची उदाहरणे पाहिली तर मध्यममार्ग दिसतो. जर्मनीत गाडीच्या रचनेत धोका संभवेल असा बदल केला की तिची चालवण्याची परवानगीच संपुष्टात येते. हा नियम आपल्यापेक्षा काही सौम्य नाही. पण त्याच नियमावलीत पुढे मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून तपासणी करवून घेऊन ती परवानगी पुन्हा मिळवण्याची रीत सांगितली आहे, आणि तज्ज्ञाने मान्य केलेला बदल गाडीच्या कागदपत्रांत चढतो. ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांच्या फेरफारांसाठी एक राष्ट्रीय संहिता आहे. किरकोळ बदलांना प्रमाणपत्र लागत नाही. सुकाणू, ब्रेक, आख, सस्पेन्शन यांतील मोठ्या बदलांना मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. दोन्ही देशांत 'करू नका' एवढेच म्हणून कायदा थांबत नाही. 'करायचे असेल तर असे करा, आणि अमुक माणसाला दाखवा' असे तो सांगतो.

आपल्याकडे अशी तपासणी करण्याची ऐपत नाही, ही सबब टिकणारी नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुण्याच्या वेताळ टेकडीवर उभी आहे. लष्करी वाहनांचे संशोधन करणारी केंद्रीय संस्था अहिल्यानगरला आहे. हरियानात मानेसरला आणि मध्य प्रदेशात पिथमपूरला चाचणी केंद्रे आहेत. २०२१ च्या नियमांनुसार देशात स्वयंचलित तपासणी केंद्रे उभी राहू लागली आहेत. त्यांत ब्रेकचा जोर यंत्रावर मोजता येतो. यंत्रसामग्री आहे, माणसे आहेत. नाही ती एवढीच सूचना, की हे काम तुमचे आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते केंद्रीय परिवहन मंत्रालयाने कलम ५२ खालील आपला अधिकार वापरून तीन पायऱ्यांची व्यवस्था करावी. पहिली पायरी निरुपद्रवी बदलांची: त्यांची यादी प्रसिद्ध करावी आणि त्यापायी कोणाला त्रास देऊ नये. दुसरी पायरी तयार संचांची: एखाद्या विशिष्ट गाडीसाठी आख, सस्पेन्शन, सुकाणू आणि ब्रेक यांचा एकत्रित संच उत्पादकाने चाचणी करून मंजूर करून घ्यावा, आणि तो मान्यताप्राप्त कार्यशाळेनेच बसवावा. गॅसच्या संचांचा अनुभव येथे उपयोगी पडेल. तिसरी पायरी एकेकट्या गाडीची: मालकाने कामाआधी आराखडा सादर करावा, अभियंत्याने तो तपासावा, काम चालू असता डागांची आणि काम संपल्यावर वजन, ब्रेक व सुकाणू यांची तपासणी व्हावी, आणि मान्य झालेला बदल नोंदणीच्या दाखल्यात व विम्यात चढावा. खर्च अर्थातच मालकाचा. या तिन्हींपैकी कोणतीच पायरी न चढणाऱ्याला मात्र आजचाच दंड, आणि तो खरोखर वसूल व्हावा.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, प्रमाणपत्रे विकली जातील. ही भीती खोटी नाही. पण प्रमाणपत्रावर नाव आणि सही असते. अपघातानंतर त्या सहीला जबाब विचारता येतो. अंधारात दिलेल्या डागावर कोणाचीच सही नसते. दुसरा आक्षेप असा की, एवढा खटाटोप इतक्या थोड्या लोकांसाठी का करावा? त्याला उत्तर असे की, यातून तयार होणारी शिस्त थोड्यांपुरती राहणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना डाग देण्याचे, मापे घेण्याचे, आराखडा वाचण्याचे शिक्षण मिळते; पण त्या कौशल्याला मान्यता देणारे काम गॅरेजात मिळत नाही. तपासणीची व्यवस्था झाली तर मिस्त्रीच्या हातालाही प्रतिष्ठा येईल. आज पाटे वाढवणारा आणि बाके ठोकणारा जो सुटतो, तोही मग सुटणार नाही; कारण काय चालते आणि काय चालत नाही हे प्रथमच लिहिलेले असेल.

ज्यांना केवळ खेळ म्हणून गाडी घडवायची आहे त्यांच्यासाठी एक मार्ग आजही मोकळा आहे. अशी गाडी वाहक गाडीवर लादून स्पर्धेच्या जागी न्यावी, बंदिस्त जागेत चालवावी आणि तशीच परत आणावी. सार्वजनिक रस्ता ही प्रयोगशाळा नव्हे. हे बंधन पाळण्याइतपत जबाबदारी हौशी मंडळांनी स्वतःहून दाखवली, तर सरकारकडे व्यवस्था मागण्याचा त्यांचा अधिकार अधिक बळकट होईल.

माझ्या विद्यार्थ्याला मी काय सांगितले? वही जपून ठेव आणि गाडी कापू नकोस, असे सांगितले. कायदा आज जसा आहे तसा तो पाळला पाहिजे. तो चुकीचा वाटला म्हणून मोडण्याची मुभा शिक्षकाने विद्यार्थ्याला देता कामा नये. तो काही बोलला नाही. वही मिटून पिशवीत घातली आणि निघाला. पण हिशेब करणाऱ्याला 'थांब' म्हणावे लागते आणि हिशेब न करणाऱ्याला कोणी अडवीत नाही, ही स्थिती फार दिवस चालू देणे राज्यकर्त्यांच्या हिताचे नाही. दार कायद्यातच आहे. ते उघडण्यासाठी नवा कायदा नको, फक्त नियम हवेत.